आणि इतर

१

सोमवारी सकाळी संचालकांनी गौहर मिर्झाला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावरून एक कागद तिच्यापुढे सरकवला. कागदावर तारीख होती, सही नव्हती. मजकूर चारच ओळींचा. डॉ. अर्पिता इंगोले यांच्या नावावरची सायटेशनं बनावट आहेत, कुणीतरी ती विकत घेतलेली आहेत, तरी चौकशी व्हावी.

गौहर त्या कर्करोग संशोधन केंद्राची ग्रंथपाल होती. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या त्या पिवळ्या इमारतीत तिची बावीस वर्षं गेली होती, आणि त्यातली शेवटची दहा वर्षं तिच्या ग्रंथालयात पुस्तक मागायला फारसं कुणी येत नव्हतं. यायचे ते वायफायचा पासवर्ड विचारायला. त्यामुळे आज अचानक आपली आठवण का झाली, हे तिला कळेना.

संचालक डॉ. रामलाल जयस्वाल यांनी तेही सांगितलं. नियमाप्रमाणे चौकशीचा अहवाल लागतो, नियतकालिकांमधलं कळतं ते ग्रंथपालाला, म्हणून चौकशी अधिकारी गौहर. शनिवारी विश्वस्तांची बैठक होती. अर्पिताच्या खर्रा प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की नाही, ते त्यात ठरणार होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत अहवाल हवा होता.

"फार खोलात जाऊ नका, मिर्झा मॅडम," ते म्हणाले. "डॉक्टर इंगोलेंनी एक खुलासा लिहून द्यावा, चूक झाली म्हणून. विषय संपेल."

म्हणजे अहवाल काय यायला हवा, ते आधीच ठरलेलं होतं. गौहर कागद घेऊन उठली आणि तडक ग्रंथालयात गेली.

एका संशोधकानं आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा आधार घेतला आणि शेवटच्या यादीत त्याचं नाव दिलं, की त्या दुसऱ्याच्या खात्यावर एक सायटेशन चढतं. ती मोजणारी यंत्रं असतात. जितकी सायटेशनं जास्त तितका माणूस मोठा, असा सगळा कारभार. बढती त्यावर, प्रकल्प त्यावर, परदेशचं आमंत्रणही त्यावरच. अर्पिता बारा वर्षं दारव्हा तालुक्यातल्या गावांत खर्रा खाणाऱ्यांची तोंडं तपासत होती. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला तो खर्रा इथं पानठेल्यावर पन्नीत बांधून मिळतो, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा उठवतो. त्या कामावर अर्पिताचे पंधरा पेपर छापून आले होते, आणि बारा वर्षांत मिळून साडेसहाशे सायटेशनं. मग गेल्या चार महिन्यांत एकदम पाचशे चाळीस.

ग्रंथालयातला जुना संगणक सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. नेट दोनदा गेलं. अखेर ते नवे लेख उघडले तेव्हा गौहर पाहतच राहिली. एकूण त्रेसष्ट लेख होते. एक हॉटेल व्यवस्थापनावर. एक काँक्रीटच्या मिश्रणावर. एक मत्स्यतळ्यातल्या प्राणवायूवर. मासे, सिमेंट आणि हॉटेलवाले, सगळ्यांना दारव्ह्याच्या खर्ऱ्याचा आधार घ्यावासा वाटला होता.

तक्रार खोटी आहे, असंच तिला मनातून वाटत होतं. ती तर शब्दन्‌शब्द खरी निघाली.

२

अर्पिता तिच्या खोलीत रुग्णांच्या नोंदवह्या पसरून बसली होती. ती दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातली, घरची कापूस-तुरीची शेती, आणि डॉक्टर होऊनही बोलणं घरचंच राहिलेलं. गौहरला पाहून तिनं पेन खाली ठेवलं.

"आपा, तुम्ही पण मलेच इचारायले आल्या का?"

गौहरनं हो म्हटलं. अर्पितानं जे सांगितलं ते थोडक्यात असं की, तिनं आपलं सायटेशनचं पान वर्षभर उघडलंच नव्हतं. ते पान कधीकाळी आकडेतज्ज्ञ नयननं तयार करून दिलं होतं. हे कुणी केलं, का केलं, तिला माहीत नव्हतं आणि आता जाणून घ्यायची इच्छाही उरली नव्हती. तक्रार आल्यापासून तीन आठवडे प्रकल्पाची गाडी उभी होती. नोंदवहीतल्या एका नावावर ती पुन्हापुन्हा बोट ठेवत होती. नंदाबाई, वय अठ्ठेचाळीस, डाव्या गालात चट्टा. दर तीन महिन्यांनी तपासायचं ठरलेलं, आणि ती तारीख गेल्या आठवड्यात उलटून गेली होती. फोन लावला तर बंद. एसटीनं जाऊन येते म्हटलं, तर चौकशी चालू असताना गावात जायचं नाही, असा लेखी आदेश.

गौहरनं तिला खुलाशाचं विचारलं. द्या आणून, करते सही, असं अर्पिता म्हणाली. पण सही केली तर प्रकल्प जाईल, हे दोघींनाही माहीत होतं. गौहरला तिचा राग आला. जिच्यासाठी आपण धडपडायचं, तीच हात वर करून बसली.

"चिडून नको बोलू, अर्पिता. मले सांग, तू हे केलं नाही हे मी लोकायले कसं सांगू?"

अर्पितानं नोंदवही मिटली. मग म्हणाली, "मले विकतच घ्यायचे असते, तर मी त्या बायांच्या पेपरले घेतले असते. बाकीचे बहुतेक पेपर आकड्यांचे हायेत. तो पेपर माहा हाय."

बायांचा पेपर गौहरला आठवत होता. लपूनछपून खर्रा खाणाऱ्या चाळीस बायकांशी अर्पिता त्यांच्या ओसरीवर बसून बोलली होती. त्यात तक्ते नव्हते, टक्केवारी नव्हती, बायकांचं बोलणं होतं. गौहरनं वाचलेला तिचा सर्वांत चांगला लेख तोच. पाच वर्षांत त्याला अकरा सायटेशनं मिळाली होती.

ग्रंथालयात परतून तिनं पाहिलं. त्या अकराची बारा झाली नव्हती. पंधरापैकी अकरा पेपर फुगले होते आणि चार जसेच्या तसे कोरडे होते, त्यात बायांचा हा पहिला. ज्यानं कुणी एवढा उपद्व्याप केला, त्यानं अर्पिताचा सर्वांत चांगला पेपर वगळला होता. काहून?

३

मंगळवारी सकाळी नयन गावंडे स्वतःच ग्रंथालयात आला. केंद्रातल्या सगळ्या संशोधनाचे आकडे तो पाहायचा. उमरखेडचा, पस्तिशीचा, शांत मुलगा. बोलायला गोड, आणि केंद्रात कुणाचंही काही अडलं की नयनला बोलवायचं, अशी सवयच पडलेली. त्यानं गौहरसाठी एक सुरेख तक्ता करून आणला होता. अर्पिताचे पंधरा पेपर, प्रत्येकापुढे जुनी सायटेशनं, नवी सायटेशनं, महिन्यावार. तीन दिवस लागले असते ते काम त्यानं एका रात्रीत केलं होतं. गौहरला बरं वाटलं. कुणीतरी मदत करतंय, या कल्पनेनंच तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

नयनचं म्हणणं सरळ होतं. सायटेशनं अर्पिता मॅडमनी घेतली की नाही, ते तो सांगू शकत नाही. पण निनावी तक्रार कुणी केली, याचाही विचार व्हावा. विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, आणि तिच्यासाठी दोनच नावं आहेत. अर्पिता इंगोले आणि पॅथॉलॉजीचे डॉ. शादाब अन्सारी.

"साधं गणित आहे, मॅडम. ज्याचा फायदा, त्याचं काम."

जाता जाता तो आणखी एक गोष्ट सांगून गेला. पॅथॉलॉजीच्या प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर डाव्या कडेला बारीक काळी रेघ येते. रिपोर्टांवर ती रोज दिसते.

गौहरनं तक्रारीचा कागद खिडकीशी धरला. डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, केसासारखी काळी रेघ होती.

४

शादाब तिच्या लहानपणापासून ओळखीचा. तिच्या वडिलांचं लोहाऱ्याला गॅरेज होतं आणि शादाबचे अब्बा तिथं ट्रकांचे पाटे बसवायचे. त्यानं तक्रार नाकबूल केली असती तर तिला जास्त वाईट वाटलं असतं. त्यानं नाकबूल केली नाही.

"हो आपा, मीच लिवलं. सही नाई केली, थे चुकलं. पण खोटं काय लिवलं, सांगा."

खोटं काहीच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. त्याला पदाचा लोभ असेल, पण फुगलेले आकडे त्यानं निर्माण केल्याचा काही पुरावा नव्हता. अर्पिताला बदनाम करायला आधी सायटेशनं विकत घ्यायची आणि मग तक्रार करायची, असंही कुणी करू शकतं. शादाब? गौहर दिवसभर तेच घोळवत बसली. बुधवारी सकाळी संचालकांनी निरोप पाठवला की खुलाशाचा मसुदा तयार आहे, फक्त सही बाकी. तिनं निरोप्याला परत पाठवलं आणि नयनचा तक्ता पाचव्यांदा वाचायला घेतला.

पाचव्यांदाही त्यातून नवं काही निघेना. त्या तक्त्यात जिकडे पाहावं तिकडे अर्पिताच होती. अर्पिताचे पेपर, अर्पिताचे आकडे. चिडून तिनं तो पालथा घातला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की सोमवारपासून आपण अर्पिताच्याच बाजूनं बघतोय. ते त्रेसष्ट बनावट लेख आपण उघडले, नावं वाचली, हसलो, आणि बंद केले. शेवटपर्यंत एकही वाचला नाही.

तिनं मत्स्यतळ्याचा लेख काढला आणि शेवटची यादी पहिल्यापासून वाचायला लागली. इंगोले आणि इतर. इंगोले आणि इतर. अशा यादीत जागा वाचवायला पहिलंच नाव देतात, बाकीच्यांना 'आणि इतर' म्हणून गुंडाळतात. आठ-नऊ इंगोले संपल्यावर पुढची ओळ आली, अन्सारी आणि इतर. त्याखाली पुन्हा एक अन्सारी.

शादाबचे दोन पेपर. तिनं काँक्रीटचा लेख उघडला. तिथंही तेच दोन. हॉटेलवाल्याकडेही.

ती तडक पॅथॉलॉजीत गेली. शादाबनं सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर केलं आणि तिचा चेहरा पाहून खुर्ची मागे ढकलली. हे का लपवलंस, एवढंच तिनं विचारलं. त्यानं मान खाली घातली. त्याला आठवड्यात नऊ ईमेल आले होते, तुमच्या पेपरचा आधार घेतला गेला आहे म्हणून. लेख पाहिले तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच यादीत अर्पिताचे कितीतरी दिसले. उद्या हे बाहेर आलं तर माझंही नाव येईल, त्यापेक्षा आपणच आधी बोट दाखवावं, असं त्याला वाटलं. त्यानं अर्पिताचं नाव लिहिलं, आपलं गाळलं.

"डरून गेलतो, आपा. बस."

तिला त्याचा संताप आला आणि त्याच्यावर विश्वासही बसला. पण मग राहतं काय? अर्पितानं घेतली नाहीत, शादाबनं घेतली नाहीत, आणि दोघांच्याही खात्यावर ती पडली. ती परत येऊन उरलेल्या याद्या वाचत बसली. दुपारी चारच्या सुमाराला तिला एक ओळ सापडली, जी मघाशीही डोळ्यांखालून गेली होती आणि कळली नव्हती. ती जवळजवळ प्रत्येक यादीत होती. वानखडे आणि इतर. पेपरचा विषय, कापसावरची गुलाबी बोंडअळी.

तोंडाचा कर्करोग आणि बोंडअळी. या दोघांचं एकमेकांशी नातं काय?

५

बोंडअळीचा पेपर नेटवर कुलुपात होता. पैसे भरल्याशिवाय पहिलं पानही दिसत नव्हतं, आणि पैसे भरायला संचालकांची सही लागायची. ती मिळणार नव्हती. तो अंक छापील स्वरूपात कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असणार, हे मात्र गौहरला ग्रंथपाल म्हणून ठाऊक होतं. गुरुवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून ऑटोनं तिथं गेली.

तिथल्या ग्रंथालयात हंसाबाई नावाची सेविका होती. साहेब जेवायला गेले आहेत, अंक बाहेर द्यायची परवानगी नाही, असं तिनं आधी सांगितलं. मग गौहर स्वतःही पुस्तकंच सांभाळते हे कळल्यावर तिनं स्टूल ओढलं आणि वरच्या फडताळातून बांधणीतला जाडजूड खंड काढून दिला. धुळीनं दोघी शिंकल्या.

बनावट लेखांच्या यादीत पान एकशे बारा दिलं होतं. गौहरनं एकशे बारा उघडलं. तिथं तुरीच्या वाणावर कुणाचा तरी लेख होता. तिनं खंड मिटला, वर्ष तपासलं, पुन्हा उघडला. तूरच. अर्धा दिवस गेला, ऑटोचं भाडं गेलं, उद्या दुपारी अहवाल द्यायचा आणि हातात काय, तर तूर. तिला तो खंड तिथंच आपटावासा वाटला. हंसाबाई म्हणाली, बाई, मागंपुढं पाहा ना, आमच्याकडं पोरं आकडे उलटेच लिवतात.

गौहरनं पानं पुढे उलटली. एकशे एकवीसवर बोंडअळी होती. एकशे बारा नाही, एकशे एकवीस. त्रेसष्ट लेखांमध्ये, जिथं जिथं हा पेपर होता, तिथं तिथं हीच एक चूक झाली होती. म्हणजे त्या सगळ्यांनी तो कुठल्यातरी एकाच यादीतून उतरवला होता, आणि त्या यादीत आकडे उलटे पडलेले होते.

मग तिनं शीर्षकाखालची नावं वाचली. एकूण पाच. पहिलं वानखडे, आणि बाकीचे, यादीत ज्यांना 'इतर' म्हटलं होतं ते चौघं. चौथं नाव वाचून ती स्टुलावरच खाली बसली.

एन. गावंडे.

त्या संध्याकाळी तिनं ग्रंथालयातलं कपाट उघडलं. केंद्राच्या वार्षिक अहवालासाठी प्रत्येकाकडून आपापल्या पेपरांची यादी भरून घ्यायचं काम तिचंच असे. नयननं भरलेला फॉर्म तिनं शोधून काढला. चौदा पेपर. तेराव्या क्रमांकावर बोंडअळी. पान एकशे बारा.

६

शुक्रवारी अकरा वाजता संचालकांच्या केबिनमध्ये पाच माणसं होती. संचालक, अर्पिता, शादाब, नयन आणि गौहर. टेबलावर खुलाशाचा टाइप केलेला कागद, आणि त्याच्यावर पेन.

गौहरला भाषण करता येत नसे. तिनं सरळ सांगायला सुरुवात केली. बनावट लेखांनी अर्पिताच्या पंधरापैकी अकरा पेपरांचा आधार घेतला होता. स्वतःसाठी कुणी घेतली असती तर चार पेपर, त्यातही आपला आवडता पेपर, वगळला नसता. म्हणून अर्पिता नाही. शादाबचे दोन पेपर फुगले, पण त्याचे स्वतःचे एकूण पेपर वीस आहेत. बाकीचे अठरा त्यानं कशाला सोडले असते? म्हणून तोही नाही.

"आणि तुम्ही पण नाही, सर," ती संचालकांना म्हणाली. "अर्पिताच्या पंधराही पेपरवर तुमचं नाव आहे. तुम्हाला ते चारही चालले असते."

ते नाव त्यांनी एक ओळही न लिहिता लागलेलं होतं, हे तिनं बोलून दाखवलं नाही. जयस्वालांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

ती पुढे गेली. आपण सगळे अर्पिताचं पान बघत राहिलो, कारण तक्रारीत तिचं नाव होतं आणि हातात आलेल्या तक्त्यातही तिचंच. बनावट लेखांच्या याद्या पुऱ्या वाचल्या तर त्यात इथले आणि इथल्या संबंधातले एकूण चौदा पेपर आहेत. अर्पिताचे अकरा, शादाबचे दोन, आणि कृषी महाविद्यालयाचा एक बोंडअळीवर. या चौदांचा विषय एक नाही, पहिला लेखक एक नाही. एकच माणूस चौदाही ठिकाणी आहे. आणि अर्पिताचे जे चार कोरडे राहिले, त्यात तक्ते नाहीत, टक्केवारी नाही, म्हणून आकडेतज्ज्ञही नाही.

गौहरनं वार्षिक अहवालाचा फॉर्म टेबलावर ठेवला.

"नयन, तुझे आजवरचे पेपर चौदा. एक सुटला नाही, एक जास्त झाला नाही. बोंडअळीचं पान तू एकशे बारा लिहिलंस. छापलं आहे एकशे एकवीसवर. हे मी काल खंड उघडून पाहिलं. ही चूक फक्त तुझ्या यादीत आहे आणि त्या बनावट लेखांत आहे. तुझी यादी त्यांच्याकडे गेली कशी, ते तू सांग."

नयननं फॉर्म उचलून पाहिला. आकड्यांच्या माणसाला आपले आकडे उलटे पडल्याचं आधी वाईट वाटलं असावं, कारण तो पहिल्यांदा त्या पानाकडेच बघत राहिला. मग त्यानं फॉर्म खाली ठेवला.

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. नऊ वर्षं तो करारावर होता. अकरा महिने काम, एक महिना घरी, पुन्हा अकरा महिने. गेल्या वर्षी एका विद्यापीठात कायम जागेसाठी मुलाखतीला गेला. त्यांनी संदर्भांची यादी पाहून विचारलं, यात तुम्ही कुठं आहात? कुठल्याच ओळीत नव्हता. त्याच्या नावाचंही सायटेशनचं पान होतं, पण त्यावरचे आकडे त्यांना कमी वाटले. मग नेटवर एक एजंट भेटला. यादी पाठवा, बाकी आम्ही पाहतो, म्हणाला. यानं यादी पाठवली.

"त्यात अर्पिता मॅडमचे आकडे वाढतील, हे तुला कळलं नाही?" संचालकांनी विचारलं.

"कळलं होतं, सर. वाटलं, त्यांचे वाढले तर त्यांचंही बरंच होईल."

शादाबला ते ऐकून हसू फुटलं आणि तो लगेच गप्प झाला. अर्पिता इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती. आता ती नयनकडे वळली.

"तुह्यं नाव मी कधी वर घेतलं नाई, थे माही चूक. पण तीन आठवडे तू रोज माह्या टेबलावर चहा पिऊन गेला. मले गावात जाऊ देत नव्हते, थे तुले दिसत होतं. तवा काहून नाई बोलला?"

नयन उभा राहिला, कुणाचीच परवानगी न घेता दाराकडे गेला, आणि त्यानं बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

संचालकांनी खुलाशाचा कागद उचलून फाडला. शांतपणे, दोनदा. गौहरला वाटलं, सुटलो.

७

सुटले नव्हते. शनिवारी विश्वस्तांनी गौहरचा अहवाल स्वीकारला, तिचे आभार मानले, आणि प्रकरणात वाद निर्माण झाल्यामुळे खर्रा प्रकल्पाच्या मुदतवाढीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढची बैठक सहा महिन्यांनी होती. अर्पिता निर्दोष आहे, असं त्यांनी इतिवृत्तात लिहिलं. गाडी मात्र उभीच राहिली, कारण मुदतवाढ नसलेल्या प्रकल्पाला गाडी देता येत नाही.

गौहरनं संचालकांशी भांडण काढलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं विचारलं, खरं सापडल्यावर शिक्षा तीच राहणार असेल, तर मला शोधायला का लावलं? त्यांनी हात जोडले. नियम, मॅडम.

अर्पितानं सायटेशन मोजणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं की माझ्या नावावरची पाचशे चाळीस काढून टाका. दहा दिवसांनी उत्तर आलं. आपली विनंती नोंदवली आहे. आकडा तेवढाच राहिला. मग तिनं आपल्या माहितीपत्रात तो आकडा खोडून हातानं जुना लिहिला, आणि खाली कारण दिलं. नयनचा करार पुढे वाढवला गेला नाही. बारा वर्षांच्या कामाचा मोठा पेपर तयार होत होता, त्यातले सगळे आकडे त्यानंच लावलेले होते. त्याचं नाव काढा, असं शादाब म्हणाला. अर्पिता नाही म्हणाली. आकडे त्यानं खरे लावले आहेत, तर नाव राहील, आणि या वेळी दुसऱ्या क्रमांकावर राहील.

गावात जायची बंदी उठली त्या दिवशी ती गौहरकडे आली. गौहरचा भाऊ जफर आता वडिलांचं गॅरेज चालवायचा. त्यानं दुरुस्तीला आलेल्या एका जीपच्या मालकाला विचारून ती रविवारपुरती मिळवली. जीपमध्ये अर्पिता, गौहर आणि तपासणीची पेटी घेऊन शादाब, असे तिघं गेले.

नंदाबाई अंगणात सोयाबीन वाळवत होती. डॉक्टरीणबाई दिसल्यावर तिनं आधी पदर सावरला आणि मग तक्रार केली.

"कायले एवढा उशीर लावला, बाई? म्या दोन वेळा फाट्यावर येऊन बसली. गाडीच नाई आली. मोबाइल पडला पाण्यात."

अर्पिताला सांगता येईना. गौहरनं प्रयत्न केला. कागदाचं भांडण होतं, एवढंच ती म्हणाली. नंदाबाईनं ते ऐकून घेतलं, खाटेवर बसली आणि तोंड उघडलं. अर्पितानं बॅटरी लावली. डाव्या गालातला चट्टा आता नुसता पांढरा नव्हता. त्याच्या मध्ये तांबूस, खरखरीत जागा झाली होती. अर्पितानं शादाबकडे पाहिलं, त्यानं पेटी उघडली, आणि तिनं तपासणीसाठी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून घेतला.

शुक्रवारी तुकड्याचा रिपोर्ट तयार झाला. गौहर पॅथॉलॉजीत बसून होती, अर्पिता तिच्या शेजारी. शादाबनं काचपट्टी दोनदा पाहिली, तिसऱ्यांदा पाहिली. कर्करोग होता. सुरुवातीचा होता, ऑपरेशननं निघेल असा होता, गालाचा थोडा भाग जाईल, बाई वाचेल.

"ठरल्या तारखेले गेलो असतो तर?" अर्पितानं विचारलं. "तवा हे नसतं ना?"

शादाबनं चष्मा कपाळावर चढवला. त्याला खोटा धीर देता आला असता आणि खरा दोषही देता आला असता, नयनला, स्वतःला, विश्वस्तांना. त्यानं यातलं काहीच केलं नाही.

"नाई सांगता येत," तो म्हणाला. "असतंही. नसतंही. हे काचेत दिसत नाई."

अर्पिता उठली आणि नंदाबाईच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला सरकारी दवाखान्यात निघाली. तिनं गौहरला थांबायला सांगितलं नाही, म्हणून गौहरही तिच्यामागे निघाली. शादाबनं रिपोर्टवर सही केली.